बोटभर वर

गुंडीचं कागदावरचं नाव वेगळं आहे. गुंडी हे नाव तिनं स्वतः कमावलंय. कडेवर घेणाऱ्याच्या कपड्यावरची जी गुंडी हाताला लागेल ती चिमटीत धरायची आणि पिळत पिळत झोपून जायचं, ही तिची जन्मापासूनची रीत. माझ्या सासऱ्यांच्या सदऱ्याच्या खिशाची गुंडी तिनं इतकी पिळली, की ती एका दोऱ्यावर लोंबकळायला लागली. "ही पोरगी आहे का पाना?" ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच सदरा घालून बसले.

माझ्याकडे आली की मात्र तिला गुंडी लागायची नाही. माझ्या डाव्या खांद्यावर गाल टेकला, की तिची मूठ थेट माझ्या हासळीच्या वरच्या खळग्यात जाऊन बसायची. हासळी म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड. त्याला काही नाव असतं हे ते मोडेपर्यंत मला माहीतही नव्हतं. माझ्या लेखी तो गुंडीच्या मुठीसाठी बांधलेला कठडा होता.

मोडलं ते असं. गच्चीवरचे वाळलेले कपडे उजव्या हातावर, गुंडी डाव्या कडेवर, आणि चिमट्यांची पिशवी दातात धरून मी जिना उतरत होते. कुणीतरी नुकतीच फरशी पुसली होती. पाय सटकला. पुढचं मला नीट सांगता येत नाही, कारण ते मी केलंच नाही, माझ्या हातांनी परस्पर करून टाकलं. गुंडीला छातीशी ओढून उजवीकडे वळवलं आणि डावा खांदा आधी टेकवला. कडकन् आवाज झाला. मला वाटलं, चिमटे मोडले.

चिमटे शाबूत होते. गुंडीला साधं खरचटलंही नव्हतं. कपड्यांच्या ढिगात बसून ती खदाखदा हसत होती. आईनं आज नवा खेळ काढलाय, अशा थाटात. मी तिला उचलायला गेले आणि डावा हात उठलाच नाही. तो खांद्यापासून खाली, दुसऱ्या कुणीतरी ठेवून गेलेल्या सामानासारखा लटकत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो दाखवला. हाड बरोबर मधोमध मोडलं होतं. ऑपरेशन नको, झोळीत हात ठेवा, आपलं आपण जुळेल, ते म्हणाले. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. वजन उचलायचं नाही.

"बाळाला घेतलं तर चालेल?" मी विचारलं.

"बाळाला वजन नाही का?" ते म्हणाले.

घरी आल्यावर माझ्या नवऱ्यानं झोळी नीट केली. "पोरीची झोळी सोडवून महिना झाला नाही, तोवर आईची बांधली," तो म्हणाला. तो बेकरीत काम करतो. पहाटे जातो, दुपारी पिठाचा वास घेऊन परत येतो. दुसऱ्या दिवशी माझे केस बघून तो जरा वेळ विचारात पडला, मग माझ्यामागे बसला आणि तीन पेड टाकून सफाईनं वेणी घालून मोकळा झाला.

"तुला कुठून येतं हे?"

"दोन वर्षं वेणीचा पाव करतोय. आता फक्त वरून अंडं लावायचं राहिलंय."

मी पार्लरमध्ये काम करते. बाळंतपणाची रजा चालू होती, तरी काय झालं. दिवसभर बायकांचे केस ज्या हातांनी विंचरले, त्यातल्या एकाला स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचता येईना. वेणीला दोन्ही हात वर लागतात हे मी किती वेण्यांनंतर शिकले! आरशात मी स्वतःकडे पाहिलं. डावा खांदा खाली आणि पुढे ओघळला होता, ओल्या टॉवेलसारखा. पण वेणी झकास होती.

आता सासऱ्यांबद्दल. त्यांना सगळी गल्ली मिस्त्री म्हणते, मी बाबा म्हणते. जन्मभर सुतारकाम केलं. आता गुडघ्यांमुळे बाहेरची कामं घेत नाहीत, पण पेन्सिल अजून कानावरच असते. झोपताना काढतात की नाही, मला शंका आहे. सासूबाई मी या घरात यायच्या आधीच गेल्या. त्यामुळे आमच्या दोघांमध्ये दुवा असा कुणी नव्हता. आमचं बोलणं म्हणजे, "बाबा, चहा घेता?" "अर्धा." एवढंच. वाईट काही नव्हतं, पण दोन भिडस्त माणसं एका खोलीत असली की भिंतीवरचं घड्याळच जास्त बोलतं.

मी अपघातानंतर पहिल्यांदा स्वयंपाकघरात गेले तेव्हा ते मागून आले. कप सिंकच्या वर, खुंट्यांच्या पट्टीवर टांगलेले होते. मी सवयीनं डावा हात उचलायला गेले आणि कळ आली ती पार कोपरापर्यंत. मी ओट्याला टेकून उभी राहिले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खुंट्यांकडे पाहिलं, मग कानावरची पेन्सिल काढली.

संध्याकाळपर्यंत घर खाली आलं होतं.

अतिशयोक्ती नाही. खुंट्यांची पट्टी ओट्याला लागून आली. पिठाचे, साखरेचे, चहाचे डबे ओट्याखालच्या फळीवर. बाल्कनीतली कपड्यांची दोरी माझ्या कमरेशी. आरसा इतका खाली, की नवऱ्याला दाढी करताना गुडघे टेकावे लागत. "कुणाची माफी मागतोयस?" मी विचारायची. टॉवेलची दांडी, कंगव्याचा कप्पा, देवळीतला दिवा, अगदी दाराची वरची कडीसुद्धा बाबांनी उतरवून मध्ये बसवली. प्रत्येक गोष्ट पाणसळ लावून. कुठे म्हणून तिरकं नाही.

"हात उचलायची गरज पडायला नको," ते म्हणाले. एका दमात ते माझ्याशी इतकं बोलल्याचं मला पहिल्यांदाच आठवतं.

मी रडले. हसले पण. कारण माझ्यासाठी घर खाली आलं आणि गुंडीनं ते लगोलग डोक्यावर घेतलं. ती तेव्हा रांगत होती, धरून उभी राहत होती. आजवर जे जे वर होतं ते ते कुणीतरी तिच्यासाठीच हाताशी आणून ठेवलंय अशी तिची ठाम समजूत झाली. पिठाचा डबा उलटा. साखरेत पाय. वाळत घातलेल्या चादरी ओढून त्यांच्यावर आडवी. बाबा दिवसभर तिच्या मागून रांगत. "सूनबाई," ते धापा टाकत म्हणाले, "तुझा एक हात गेला तर हिला चार फुटले."

ते तिला आंघोळ घालायला शिकले. मऊ भात कालवायला शिकले. माझ्या झोळीची गाठ मानेला काचते हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तर एके दिवशी त्या गाठीखाली सासूबाईंच्या जुन्या, मऊ साडीची घडी शिवलेली दिसली. टाके सुताराचे होते, दूरदूर आणि पक्के.

गुंडी त्यांच्या खांद्यावर झोपायला लागली. त्या लोंबकळणाऱ्या गुंडीला धरून.

सुरुवातीला ती माझ्यापुढे येऊन दोन्ही हात वर करायची. घे म्हणायची तिची ती भाषा. मी म्हणायची, "बाबा, हिला घेता का?" बाबा येऊन उचलायचे. असं होता होता ती माझ्यापुढे हात वर करेनाशी झाली. माझ्याकडे बघून हसायची, माझ्या गुडघ्याला धरून उभी राहायची, आणि झोप आली की माझ्या बाजूनं वळसा घालून सरळ आजोबांकडे जाऊन हात वर करायची. रडून नाही, रुसून नाही. साखर कुठल्या डब्यात असते हे जसं तिला कळलं होतं, तसं आईकडे काय मिळतं आणि काय मिळत नाही हेही तिला कळलं होतं.



झोळी निघाली. नव्या फोटोत हाड जुळलेलं दिसलं, मधोमध एक छोटी गाठ धरून. डॉक्टर खूश होते. हाताचं मात्र कुणी विचारलं नव्हतं. तो खांद्याच्या खाली खाली घुटमळायचा आणि तिथून मागे फिरायचा. आतून काहीतरी आवळून धरल्यासारखं वाटायचं. म्हणून व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. बाबा माझ्याबरोबर आले. पहिल्याच दिवशी त्यांनी बाईंचं बारसं करून टाकलं: खांदेवाल्या बाई.

बाईंची खोली लांबट होती, एका भिंतीला आरसा, दुसऱ्या भिंतीवर शिडीसारख्या आडव्या काठ्या. बाबांनी आत शिरताच एका काठीला हात लावून ती हलते का ते बघितलं.

"हात वर करा," बाई म्हणाल्या.

मी केला. म्हणजे मला वाटलं, केला. आरशात बघितलं तर खांदा कानाला जाऊन भिडला होता, मान वाकडी झाली होती, आणि हात बिचारा अंगापासून जरासा सुटला होता, इतकंच.

"ही चोरी आहे," बाई म्हणाल्या. "हात वर गेला नाही, खांदा गेला. पुन्हा."

"आमच्या घरात आजवर कुणी हात वर केलेले नाहीत, बाई," बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाले. "म्हणून सवय नाही."

बाई हसल्या आणि माझ्या हासळीवरून बोट फिरवून समजावायला लागल्या. तुमचा अख्खा हात धडाला हाडानं फक्त इथं जोडलेला आहे, त्या म्हणाल्या. बाकी सगळं स्नायूंवर तोललेलं. म्हणून हे हाड मोडलं की हात शाबूत असूनही निराधार होतो, जड होतो, खांदा पुढे पडतो.

"म्हणजे फळीखालचं ब्रॅकेट," बाबा म्हणाले.

"जवळपास. पण तुमचं ब्रॅकेट हललं तर फळी पडते, आणि हे हाड हललं नाही तर हात अडतो. हात वर निघाला की हे पण बाहेरच्या टोकाला वर चढतं आणि कुलपातल्या किल्लीसारखं स्वतःभोवती फिरतं. मागे खांद्याचं पातंही फिरतं. तिघं मिळून हात वर नेतात. यांची किल्ली इतके दिवस फिरलीच नाही, त्यामुळे सगळंच जाम झालंय." मग त्यांनी मला विचारलं, "घरी काय काय करता या हातानं? कप घेता की नाही?"

"घेते."

"मग हात वर जातोच की तिथपर्यंत."

"कप खाली आहेत."

"कपडे वाळत घालता?"

"दोरी खाली आहे."

"केस?"

"नवरा वेणी घालतो."

"आरसा?"

"तो पण खाली आहे."

बाईंनी कमरेवर हात ठेवले. "अहो, मग तुमच्या घरात वर आहे तरी काय?"

"पंखा," बाबा म्हणाले.

बाईंना हसू आवरेना. "आणि हे सगळं खाली कुणी आणलं?"

"मी," बाबा ताठ बसत म्हणाले. शाबासकीची वाट बघणारं ते तोंड मला अजून दिसतं.

"फार चांगलं केलंत. तेव्हा तेच हवं होतं," बाई म्हणाल्या. "पण आता हा हात तुमच्या घरचा जावई होऊन बसलाय. बसल्या जागी सगळं हातात मिळतंय, तर उठेल कशाला? याला आता कामाला लावा." मग आवाज उतरवून माझ्याकडे वळल्या. "बाळाला घेता?"

"बसून. कुणी मांडीवर दिलं तर."

"हाड पक्कं जुळलंय. उभ्यानं घ्यायला आता हरकत नाही. जपून घ्या, पण घ्या."

"हो."

"मग?"

काय सांगणार? की मोडलं ते हाड बरं झालं, पण कानात तो कडकन् आवाज अजून तसाच आहे. गुंडी हातात असताना तो पुन्हा झाला तर? तेव्हा माझे हात आपणहून वळले. पुढच्या वेळी वळतील याचा काय भरवसा? घर खाली होतं, सगळे मदतीला होते, तोवर मला हे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

बाईंनी दोन व्यायाम दिले. एक, पुढे वाकून हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. दुसरा, भिंतीवर बोटांची मुंगी करून ती वर वर चढवायची. "रोज मुंगी आदल्या दिवसापेक्षा बोटभर वर गेली पाहिजे," त्या म्हणाल्या. "बोटभर पुरे. पण वर."

घरी परतल्यावर बाबा दारात चप्पल काढता काढता म्हणाले, "मीच बसवून ठेवला तुझा हात. उद्या सगळं जिथल्या तिथं वर लावतो."

"नको!" मी इतक्या घाईनं म्हटलं, की आम्ही दोघंही दचकलो. "राहू दे ना बाबा. एवढ्यात नको. मला जमायचं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पेन्सिल कानावर नीट खोचली आणि म्हणाले, "बरं. चहा टाकतो. अर्धा?"

मुंगी काही बोटभर वर जाईना. रोज भिंतीवर तेवढंच चढायची आणि तिथं बसून राहायची. गुंडीला मात्र हा खेळ भारी आवडायचा. माझ्या पायाशी उभी राहून ती पण बोटं भिंतीवर नाचवायची आणि स्वतःच्याच मुंगीला टाळ्या वाजवायची. टाळ्या वाजवायला भिंत सोडली की धपकन् बसायची.

दरम्यान घरात काहीतरी चाललं होतं. मला ते नीटसं धरता येत नव्हतं. एके सकाळी कप घेताना वाटलं, आज हा जरा लांब आहे.

"बाबा, कप वर झालेत का?"

"कप कसे वर होतील? तूच वाकून उभी राहतेस. ताठ राहत जा."

दोरीवर गुंडीची दुपटी टाकताना टाचा उचलाव्याशा वाटल्या. "दोरी उन्हानं आवळते," नवरा म्हणाला. बेकरीतल्या माणसाला दोरीचं काय कळतं, म्हणून मी नाद सोडला. पण त्याची दाढी करताना गुडघे टेकायची पद्धत बंद झाली, हेही माझ्या लक्षात यायला हवं होतं. तेव्हा वाटलं, बरं झालं, माफी मिळाली एकदाची.

एकदा दोघांची कुजबुज कानावर आली. बाबा म्हणत होते, "लांबी संपत आली. येताना लांबी आण."

"किती?"

"छोटा डबा बास. आणि तिच्यासमोर काढू नकोस."

लांबी डबाभर कशी आणतात? मी विचारात पडले. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "ते त्यांचं मापाचं काहीतरी असतं. तू लक्ष नको देऊस." वर माझ्या वेणीला इतक्या जोरात पीळ दिला की मी विषय विसरले.

मग तो दिवस. दुपार होती. बाबा बाहेर दारात बसून कुणाचं तरी स्टूल दुरुस्त करत होते. नवरा आत झोपला होता. मी गुंडीला दूध पाजून स्वयंपाकघरात कप विसळायला आले. गुंडी माझ्यामागे आली आणि माझ्या उजव्या हाताचं बोट घट्ट धरून उभी राहिली. ते सोडवून घ्यायला गेले की ती गळा काढे. म्हणून सगळं डाव्या हातानं करत होते.

सिंकच्या वरच्या भिंतीवर दोन पांढरे ठिपके दिसले. गुंडीनं दूध उडवलं असणार. मी डाव्या हातात फडकं घेतलं आणि पुसलं. जाईना. घासलं, तरी जाईना. त्यांच्या जरा वर आणखी दोन ठिपके होते, तस्सेच, तितक्याच अंतरावर. ते पुसायला गेले, तर त्यांच्या वर आणखी दोन. बोटभर अंतरानं. आणि त्यांच्या वर आणखी. दूध उडतं तेव्हा असं जोडीजोडीनं, ओळंबा लावल्यासारखं सरळ उडत नाही, हे हळूहळू माझ्या डोक्यात शिरत होतं, पण फडकं थांबत नव्हतं. मी ठिपक्यांच्या मागे मागे वर जात राहिले. शेवटी फडकं लाकडाला लागलं.

खुंट्यांची पट्टी. तिच्यावर कप टांगलेले. आणि तिच्या वरच्या कडेला बरोबर जुळलेली, भिंतीच्या रंगातली एक जुनी रेघ, पट्टी मुळात जिथं होती तिथली.

पट्टी तिच्या जुन्या जागी परत पोचली होती. आणि माझा डावा हात तिच्यावर होता. डोक्याच्या वर. कान मोकळा होता, मान सरळ होती. खांद्याच्या आत काहीतरी ओढत होतं, जुनी किल्ली फिरताना कुरकुरते तसं, पण फिरत होतं.

लांबी म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. भिंतीतली भोकं बुजवायचा सुतारांचा तो पांढरा लगदा. माझी आंघोळ होईस्तोवर, मी गुंडीला घेऊन पडले असताना, या माणसानं दुखऱ्या गुडघ्यांनी उभं राहून पट्टी काढायची, बोटभर वर लावायची, खालची भोकं लांबीनं बुजवायची, बोटानं सारखी करायची. मग पुन्हा. मला भीती वाटू नये म्हणून घर माझ्या नकळत वर चढत होतं, आणि माझा हात त्याचं बोट धरून मागून.

मी हात तसाच वर ठेवून उभी राहिले. खाली करवेना.

गुंडीनं वर बघितलं. आईचा हात वर आहे, म्हणजे हा काहीतरी खेळ आहे. तिनं माझं बोट सोडलं, स्वतःचे दोन्ही हात वर केले आणि कशाचाही आधार नसताना, माझ्यापुढे, डुलत उभी राहिली.

माझ्यापुढे.

"बाबा!" मी हाक मारणार होते. जिभेवर आली होती. पण हातांनी मला विचारलंच नाही. जिन्यात विचारलं नव्हतं तसंच. ते खाली गेले, तिच्या काखेत शिरले, आणि ती वर आली. वजन खांद्यात उतरलं तसं मी दात आवळले आणि तो आवाज ऐकायची वाट बघितली.

काही आवाज झाला नाही. फक्त गुंडी नाकानं फुरफुरली आणि तिचा गाल माझ्या डाव्या खांद्यावर टेकला.

तिची मूठ आपल्या जुन्या जागेकडे निघाली. हासळीवर पोचली आणि थबकली. तिथं, मधोमध, आता ती गाठ आहे, हाड जुळताना उरलेली, बोरापेक्षा लहान. तिनं ती बोटानं चाचपली. डोकं उचलून निरखून पाहिली. आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी जन्मभर विसरणार नाही. आईला पण गुंडी आहे! तिनं ती चिमटीत धरली आणि पिळायला सुरुवात केली.

"सूनबाईंनी हात वर केले का शेवटी?"

बाबा दारात उभे होते. कानावर पेन्सिल, हातात स्टुलाचा पाय. मी भिंतीकडे बोट दाखवलं.

"दूध असेल," ते म्हणाले. "ही पोरगी उडवते कुठंही."

"बाबा."

"रंगाचा हात मारला की दिसायचं नाही."

"नका मारू," मी म्हटलं. "असू देत."

ते हं म्हणाले. गुंडी माझ्या खांद्यावर पेंगत होती. ते तिच्याकडे बघत होते आणि त्यांचा मोकळा हात सदऱ्याच्या खिशाशी गेला होता, त्या एका दोऱ्यावर लोंबकळणाऱ्या गुंडीपाशी. "ही आता शिवून टाक सवडीनं," ते म्हणाले. "आता कुणी ओढायचं नाही तिला." हसत म्हणाले, पण डोळे हसण्यात सामील नव्हते.

मला तिला सोडवत नव्हतं. इतक्या दिवसांनी ते ऊन ऊन वजन परत खांद्यावर आलं होतं. पण मला वाटलं, माझ्याकडे आत्ता जे आहे ते सगळं यांच्या हातून चढत चढत माझ्यापर्यंत आलंय.

"बाबा, घेता का हिला जरा?" मी म्हटलं. "माझा हात भरून आलाय."

त्यांनी स्टुलाचा पाय खाली ठेवला, हात सदऱ्याला पुसले आणि पुढे केले. गुंडी झोपेतच त्यांच्या खांद्यावर गेली आणि तिची बोटं बरोबर खिशाकडे वळली.

"खरंच भरून आलाय?" त्यांनी विचारलं.

"हात नाही," मी म्हटलं, आणि वरच्या खुंटीवरून त्यांचा कप काढला. डाव्या हातानं. "चहा टाकते. अर्धा?"

"आज पूर्ण टाक," ते म्हणाले.